वाढत्या अंगाचं धनुष्य

सगळ्यांत आधी आल्या त्या मास्तरीणबाई. आपल्या खारूला बाण मारायला शिकवतात त्या. परवा दुपारी मी एका कोटाची बाही उसवत बसले होते, तर या दारात उभ्या, गळ्यात शिट्टी तशीच. मला वाटलं, काहीतरी शिवायला आणलं असेल, कारण मैदानावरच्या माणसांचे कपडे नेहमी काखेतच फाटतात. मी आपली मापाची फीत हातात घेऊन तयार. तर म्हणाल्या, "आजी, बसते जरा." माणूस 'बसते जरा' म्हणालं की समजावं, गोष्ट उभ्यानं सांगण्यासारखी नाही. (अरे, बघ! आशीर्वाद वर लिहायचा राहिलाच. तो इथे घे. माझ्या धाकट्या, पण माझ्याहून दीड फूट उंच भावाला, म्हणजे आमच्या उंटाला, थोरल्या बहिणीचे पोतंभर आशीर्वाद. तब्येत कशी आहे? गुडघे काय म्हणतात? खांदे? हात डोक्याच्या वर नीट जातो का? खरं खरं कळव, आणि या खेपेला तीन ओळींत आटपू नकोस. 'मी बरा आहे, हवा बरी आहे, तुम्ही सगळे बरे असाल' हे एकच पत्र मी माझी भावजय गेल्यापासून दोन वर्षं वाचते आहे. ते पोस्टमनलाही आता तोंडपाठ झालं असेल.)

तर मास्तरीणबाई बसल्या. पण त्या काय म्हणाल्या ते सांगण्याआधी धनुष्याचं सांगायला हवं, नाहीतर तुला शेंडा-बुडखा कळायचा नाही. खारूच्या बाराव्या वाढदिवसाला मी तिला धनुष्य घेतलं, हे तुला लिहिलं होतं. (चार पानं लिहिलं होतं. तू उत्तर पाठवलंस, 'छान'.) त्याआधी पोरगी मैदानावरचं जुनं, पट्ट्या चिकटवलेलं धनुष्य वापरायची आणि खेळ संपला की परत द्यायची. आपली खारू कशी आहे ते तुला ठाऊक आहे. खारीसारखी सगळं गालात साठवून ठेवते, म्हणून तर ते नाव पडलं. वर्गात वाचायला उभं केलं की आवाज घशात, पाहुणे आले की ही पडद्यामागे. पण एकदा मी मैदानाच्या कुंपणाबाहेरून तिला बघितलं. पाय रोवून उभी, मान ताठ, हनुवटी वर! घटकाभर मला वाटलं, ही कुणा दुसऱ्याचीच नात असावी. मग हिनंच बाण सोडला आणि मागे वळून शेंबूड पुसला, तेव्हा ओळख पटली. त्याच दिवशी मी ठरवलं की हिला हिचं स्वतःचं धनुष्य हवं.

कुणाला न सांगता एकटीच गेले कारागिराकडे. गल्लीच्या टोकाला त्याचं दुकान आहे, खोली एवढीशी, पायाखाली भुसा, सरसाचा वास, आणि भिंतीवर ओळीनं धनुष्यं टांगलेली. तो लाकडाच्या पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून ती करतो, जुन्या पद्धतीची. त्यावर ना दुर्बीण, ना चाकं, नुसतं लाकूड आणि दोरी. दोन्ही टोकं मात्र पुढच्या बाजूला वळलेली असतात, रुसलेल्या पोरीनं ओठ काढावा तशी. मला ती बघताक्षणी आवडली. त्यानं विचारलं, कोणासाठी? वय किती? हात पसरून या टोकापासून त्या टोकापर्यंत किती भरतात? आता इथे तुझी बहीण चुकली. तुला माझी सवय माहीत आहे. मी आयुष्यात कुठल्या पोराला अंगाबरोबर कपडा शिवलेला नाही. वाढतं अंग आहे, उद्या आखूड होईल, म्हणून बाहीत दोन बोटं, खाली चार बोटं, कमरेला मूठभर. (तुला नवव्या वर्षी शिवलेला तो तपकिरी कोट आठव. त्यात तू आणि शेजारचा कुत्रा दोघं मावायचात. आणि तो अंगाला बरोबर बसायला लागला तोवर कोपरांची चाळण झाली होती.) त्याच हिशेबानं मी कारागिराला खारूचे हात वीतभर वाढवून सांगितले आणि वय सांगितलं पंधरा. त्यानं एक धनुष्य काढलं. मी म्हटलं, "त्याच्या शेजारचं द्या, ते मोठं." तो म्हणाला, "ताई, हे ओढायला जड आहे, मुलीला झेपायचं नाही." मी म्हटलं, "अहो, चाळीस वर्षं माणसांची मापं घेते आहे मी, मला नका शिकवू." मग त्यानं ते मोठंच बांधून दिलं. त्यात त्याचा काडीचा दोष नाही, तोंड मीच बंद केलं त्याचं.

घरी आणलं तेव्हा ते धनुष्य खारूहून उंच भरलं. सूनबाई म्हणाली, "आई, हे धनुष्य आहे की दाराची चौकट?" मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. खारूनं मात्र ते दोन्ही हातांनी असं छातीशी धरलं, आणि माझ्याकडे असं बघितलं, की मला वाटलं जन्माचं शिवणकाम सार्थकी लागलं. रोज शाळेतून आली की धनुष्य घेऊन मैदानावर. रोज आली की मी विचारायचे, "कसं चालतंय गं माझं धनुष्य?" आणि ती म्हणायची, "मस्त, आजी." सहा आठवडे रोज मस्त.

आता ऐक मास्तरीणबाईंचं. त्या म्हणाल्या, खारूनं काल त्यांना सांगितलं की उद्यापासून मी येणार नाही, मला आता बाण मारायला आवडत नाही. माझ्या हातातली कात्री खाली पडली. (पायावर नाही, स्टुलावर. काळजी करू नकोस.) बाई म्हणाल्या, जुन्या धनुष्यावर हिचा नेम वर्गात सगळ्यांत चांगला होता. नवं आलं आणि बाण निशाणापर्यंत पोचेनासे झाले. दोरी गालापर्यंत ओढताच येत नाही, अर्ध्यात हात थरथरतो, खांदा कानाला जाऊन लागतो. बाई रोज सांगतात, हे जड आहे, जुनं घे, तर ही मान हलवते आणि म्हणते, "हे माझ्या आजीनं दिलंय." शेवटी काल बाईंनीच जुनं धनुष्य तिच्या हातात दिलं, तर हिनं ते नीट खाली ठेवलं आणि म्हणाली, मी येणारच नाही.

उंटा, खरं सांगते, मी लगेच मापांची वही काढली. कारण मागच्याच आठवड्यात मी तिच्या शाळेच्या सदऱ्याचं माप घेतलं होतं, तर उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच वर भरला. तीनदा घेतलं, तीनदा अर्धा इंच. मी म्हटलं, फीत ताणली गेली. ती टाकून दिली आणि नवी आणली. फीत बदलली रे मी, नात तपासली नाही! आणि ती उभी होती समोर, हूं नाही की चूं नाही, दुखऱ्या खांद्यावरून माझा हात फिरत होता तरी. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते दागिन्यांबद्दल असेल, पण इथे मोती मी घातला होता आणि नाक होतं बारा वर्षांचं. त्यात ते नाक मला वाईट वाटू नये म्हणून सहा आठवडे गप्प. आजीचं धनुष्य वाईट असं म्हणायच्या ऐवजी मला खेळच आवडत नाही म्हणून मोकळी झाली. हा हट्टीपणा आपल्या घराण्यातलाच, सूनबाईच्या माहेरचा नाही.

एवढ्यात दुसरा पाहुणा हजर. मास्तरीणबाईंनी बोलावलेला, तोच कारागीर! काखेत घोंगडीत गुंडाळलेली पाच-सहा धनुष्यं, कानावर पेन्सिल. मला बघितलं आणि दारातच थबकला. म्हणाला, "तुम्ही? चाळीस वर्षांच्या?" मी म्हटलं, "या, आत या, काय बोलायचं ते चहा घेऊन बोला." चहा त्यानं शेवटच्या घोटापर्यंत घेतला (चांगला माणूस आहे), कप खाली ठेवला आणि मग सुनावलं. म्हणाला, "ताई, पायापेक्षा वहाण मोठी घेतली तर माणूस फटफट करत का होईना, चालतो. धनुष्य मोठं घेतलं तर माणूस घरी बसतो. हात वाढले की नवं धनुष्य घ्यायचं असतं, धनुष्य घेऊन हात वाढायची वाट नाही बघायची." मी मान खाली घालून ऐकलं. मला बोलणारा माणूस फार वर्षांनी भेटला. तुझे भावोजी होते तेव्हाही हे धाडस कुणी केलं नव्हतं.

चार वाजता खारू शाळेतून आली. खोलीत मास्तरीणबाई, कारागीर आणि शिवणयंत्रावर धनुष्यं मांडलेली बघून तिचा चेहरा असा झाला की जणू तिलाच कुणी बघायला आलंय. वळून पळणार, तर बाईंनी दप्तराचा पट्टा धरला. कारागिरानं तिला भिंतीला पाठ लावून उभं केलं, दोन्ही हात पसरायला लावले आणि मला म्हणाला, "माप तुम्ही घ्या. आहे तेवढंच." आहे तेवढंच घेतलं. या बोटाच्या टोकापासून त्या बोटाच्या टोकापर्यंत छप्पन्न इंच. सांगताना जीभ अठ्ठावन्नकडे वळत होती, ती दातांत धरली. मग त्या छप्पन्नाला अडीचनं भागायचं, म्हणजे दोरी किती मागे येणार ते कळतं. (भागाकार त्यानं केला. मी तिसरीत शाळा सोडली ती भागाकाराच्या आदल्या दिवशी.) मग त्यानं कुठला डोळा मालक आहे ते बघितलं. दोन्ही हातांच्या पंज्यांमध्ये एवढीशी खिडकी करून तिच्यातून घड्याळाकडे बघायचं आणि हात हळूहळू चेहऱ्याकडे आणायचे. ज्या डोळ्यावर खिडकी येते तो डोळा मालक, आणि दोरी ओढायची ती त्याच बाजूच्या हातानं. खारूचा उजवा निघाला, ठीक. मीही करून बघितलं, तर माझा डावा! सत्तर वर्षांची झाले, सुईत दोरा ओवता ओवता म्हातारी झाले, आणि घरात मालक कोण ते मला परवा कळलं.

त्या भरात मी एक लहान धनुष्य उचललं आणि रिकामी दोरी ओढून सोडणार, तेवढ्यात कारागीर असा ओरडला की मास्तरीणबाईंनी सवयीनं तोंडात धरलेली शिट्टी आपोआप वाजली. बाण न लावता दोरी सोडली तर म्हणे लाकूडच फुटतं. मी ती अगदी झोपलेल्या पोराला खाली ठेवावं तशी हळूच परत आणली. खारू हसली. सहा आठवड्यांनी हसली असं आता हिशेब लावल्यावर लक्षात येतं.

मग खरी परीक्षा. धनुष्य उचलायचं, दोरी गालापर्यंत आणायची आणि दहा आकडे होईपर्यंत धरून ठेवायची. हात थरथरला तर ते आपलं नव्हे. पहिलं माझं धनुष्य. तिनं ओठ आवळले, खांदा वर गेला, दोरी हनुवटीच्या चार बोटं अलीकडे अडली, आणि तिसऱ्या आकड्याला तिचा हात असा हलायला लागला की मी बघूच शकले नाही. तिनं दोरी हळूच परत आणली आणि म्हणाली काय, "आज जरा दमलेय. हेच बरं आहे." कारागिरानं घोंगडीतलं एक फिकट लाकडाचं, साधंसुधं, तिच्या हनुवटीइतकं उंच धनुष्य तिला दिलं. ओढायला माझ्या धनुष्याच्या निम्म्याहून कमी. म्हणाला, फार लहानही चालत नाही, दोरी बोटांना चिमटते, हे बरोबर आहे. तिनं ते उचललं. उंटा, जसं माप बरोबर निघालेल्या सदऱ्यात हात जावा तसं ते तिच्या हातात गेलं. दोरी गालाला लागली, खांदा खाली, मान ताठ. मास्तरीणबाई मोजत होत्या. दहा झाले, कुणी थांब म्हणालं नाही, पोरगी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी. सतरा झाले तेव्हा मीच थांबवलं, कारण माझा श्वास संपला होता.

आणि तरी तिनं ते खाली ठेवलं. लाकडावरून एकदा बोट फिरवलं (मी बघितलं) आणि म्हणाली, "छान आहे, पण मला आजीचंच हवंय. ते परत केलं तर ते नुसतं टांगून राहील." बाईंनी समजावलं, कारागिरानं समजावलं, मी तर हात जोडले. म्हटलं, "अगं, मला मुळीच वाईट वाटणार नाही." तर म्हणते, "वाटेल. तू रोज विचारतेस ना, माझं धनुष्य कसं चालतंय म्हणून." खोटं नव्हतं ते. मी रोजच विचारत होते. मास्तरीणबाईंनी दप्तराचा पट्टा सोडून दिला होता, कारागीर घोंगडी गुंडाळायला लागला होता, आणि मला दिसत होतं, आत्ता हे लोक दाराबाहेर गेले की ही पोर पुन्हा पडद्यामागे जाईल आणि ते मैदान संपलं.

तेव्हा मी तिच्याशी दोन शब्द बोलले. काय बोलले ते मागाहून सांगते. पण ती ऐकून घेत होती, मग माझ्याकडे बघितलं, मग मोठ्या धनुष्याकडे, आणि एकदम म्हणाली, "मग ठीक आहे." झालं! फिकट धनुष्य तिचं झालं. कारागिरानं तिचा तळवा बघितला, धनुष्याची मूठ हिच्या हाताला थोडी जाड होतेय म्हणाला, पेन्सिलीनं खुणा केल्या आणि तासून आणायला ते घेऊन गेला. जाताना मला म्हणाला, "ताई, माप चोख घेता हो तुम्ही, मनात आणलंत तर." असा आनंद झाला म्हणून सांगू, त्या दिवसापासून मी यंत्रावर बसले की पाय आपोआप गाणं म्हणतात. खांद्याचं डॉक्टरांना दाखवलं. दहा दिवस आराम, मग हलकं धनुष्य चालेल, असं म्हणाले.

इथलं बाकी ठीक. मुलगा, सूनबाई तुला नमस्कार सांगतात. जेवण वेळेवर घे, खिडकीशी त्या खुर्चीत दिवसभर बसू नकोस, आणि पत्राचं उत्तर दे. कागद संपत आला म्हणून थांबते.

तुझी थोरली

ता. क. कागद संपला नाही, मागची बाजू कोरी आहे. मी तिच्याशी जे दोन शब्द बोलले ते असे. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, आता रागावू नकोस. मी म्हटलं, "अगं वेडे, ते मोठं धनुष्य मुळात तुझ्यासाठी नव्हतंच. ते घेतलं तुझ्या उंट आजोबांसाठी. त्यांना लहानपणापासून धनुष्याचं वेड. पण एवढा मोठा माणूस, लाज वाटते, म्हणून मी तुझं नाव पुढे केलं." तर तुला लहानपणापासून धनुष्याचं वेड आहे, हे लक्षात ठेव. तिनं विचारलं, मग त्यांनी कधी सांगितलं कसं नाही? मी म्हटलं, तो बोलत नाही गं, तीन ओळी लिहितो फक्त. हे तिला लगेच पटलं. तेव्हा यायचं, आणि आल्यावर लाजायचं. फार बोलू नकोस, ते तुला आपोआप जमेल.

ता. क. दुसरा. तुझ्या कोटाचं माप माझ्या वहीत होतं, ते कारागिराला दाखवलं. म्हणाला, एवढ्या लांब हातांचा आणि गोदामात पोती उचललेला माणूस असेल तर हे धनुष्य त्याचंच, फक्त पहिला महिना हळू घ्यायचं. म्हणजे मी खोटं बोलले ते निम्मंच.

ता. क. तिसरा, आणि हा नीट वाच. मला वाटलं होतं पोर विसरून जाईल. ती विसरलेली नाही. काल मैदानावर जाऊन तिनं चुन्यानं एक रेघ मारून ठेवली आहे, निशाणापासून अगदी जवळ, दहा पावलांवर. म्हणते, नवीन माणसाला लांबून मारायला लावलं की त्याचं मन मोडतं. तुझ्या बोटांना दोरी लागू नये म्हणून माझ्याकडून चामड्याचा तुकडा कापून घेतला आणि बोटं केवढी असतील ते विचारत बसली. पहिल्या दिवशी तुला काय काय सांगायचं त्याची तिनं यादी केली आहे. तिच्यात पहिलंच लिहिलंय, 'दुखलं तर लगेच सांगायचं.' जी पोर परवा खेळच सोडून बसणार होती ती आज मास्तरीण होऊन बसली आहे रे, आणि तिचा शिष्य तू आहेस. तू नाही आलास तर ती काही बोलणार नाही, गालात साठवेल. म्हणून पत्र मिळताच बॅग भर. खोली झाडून ठेवली आहे, तुझे पाय बाहेर येतात म्हणून पलंगाला पुढे स्टूल लावलं आहे. मास्तरीणबाई आणि कारागीर दोघंही तासलेलं धनुष्य घेऊन पुन्हा येतो म्हणाले आहेत, पुढच्या गुरुवारी, चार वाजता.